कुशीवर घेण्याची परीक्षा

"पास झालेल्या सगळ्यांना दिलीत, मग माझंच सर्टिफिकेट मागं का ठेवलंत, सिस्टर?"

अश्लेषा सरावाच्या खोलीच्या दारात उभी होती. तणतणत आली होती, चपला काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

एस्तेर सिस्टर चादरींच्या घड्या घालत होत्या. मिशनच्या दवाखान्यात उभा जन्म गेलेली ही बाई. निवृत्त झाली तरी घरी बसवेना, म्हणून दवाखान्याच्याच आवारात रुग्णसहायकांचा वर्ग चालवायची. बोलायची कमी. मुली म्हणायच्या, सिस्टर रागावल्या तर परवडलं, पण गप्प बसल्या की जीव टांगणीला लागतो.

आत्ता त्या गप्पच होत्या.

"मी पहिली आले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यांदेखत माझं नाव घेतलं. सोमवारी कोल्हापूरच्या दवाखान्यात हजर व्हायचंय. हातात सर्टिफिकेट नसेल तर दारातसुद्धा उभं करणार नाहीत ते."

"हं."

"काही चुकलं का माझं? एखादी पायरी राहिली का?"

"नाही. एकही राहिली नाही."

"मग?"

सिस्टरनी हातातली चादर बाजूला ठेवली आणि समोरच्या खाटेवर सरळ उताण्या झोपल्या.

"मला डाव्या कुशीवर घे."

अश्लेषाला हसूच आलं. एवढंच ना? काल परीक्षेत तिनं हेच तर करून दाखवलं होतं.

परीक्षेला खरा पेशंट नसतो. मुलींच्या जोड्या लावतात. एकीनं पेशंट होऊन पडायचं, दुसरीनं तिला कुशीवर घ्यायचं, मग अदलाबदल. अश्लेषाच्या जोडीला हौसाबाई आली होती. हौसाबाई चाळिशीची, वर्गात सगळ्यांत थोरली. पायऱ्या पाठ म्हणताना हमखास अडखळायची. पण पेशंटला हात लावायची वेळ आली की सिस्टर तिलाच पुढं बोलवायच्या, म्हणायच्या, हिचा हात बघा. बारावी सायन्स झालेल्या अश्लेषाचं तोंड तेव्हा उतरायचं.

आणि काल हौसाबाईच नापास झाली होती. सगळ्या वर्गात ती एकटीच.

अश्लेषानं हात धुतले. नाव सांगितलं, काय करणार ते सांगितलं. खाटेची चाकं अडकवली. एक हात सिस्टरच्या खांद्यावर, दुसरा कमरेवर ठेवून तिनं त्यांना आपल्याकडे ओढलं.

सिस्टर हलल्या नाहीत.

तिनं पुन्हा जोर लावला. वाळून काडी झालेली म्हातारी, पण जागची सरकेना. अश्लेषाच्या कपाळावर घाम आला. तिनं पाय रोवून बघितलं, हात बदलून बघितलं.

"सिस्टर, अंग जरा ढिलं सोडा ना..."

बोलली मात्र, आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

काल खाटेवर पडून तिनं हेच शब्द ऐकले होते. परीक्षक घड्याळाकडे बघत होते, हौसाबाई घामाघूम झाली होती आणि कानाशी वाकून परत परत विनवत होती, "ताई, वाईच अंग ढिलं सोडा की." अश्लेषानं डोळे मिटून घेतले होते. अंग आणखी ताठ केलं होतं. पार वेळ संपेपर्यंत.

आणि त्याआधी? त्याआधी अश्लेषाची पाळी होती, तेव्हा हौसाबाई कशी अलगद वळली होती. ते सगळं आपलंच कसब समजून अश्लेषा परीक्षकांकडे बघून हसली होती.

अशी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. कुणी बोललं असतं, दोन शब्द सुनावले असते, तर निदान उलटून काही म्हणता आलं असतं.

"तुम्ही... बघत होतात?"

"खिडकीतून."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

अश्लेषा खाटेपासून मागं सरली. "मी परीक्षकांना फोन करते. खरं काय ते सांगते. माझे मार्क काढून घ्या म्हणते. हौसामावशींची परीक्षा पुन्हा घ्या म्हणते."

"उद्या सकाळी आहे तिची फेरपरीक्षा. मी मागून घेतली."

अश्लेषाचा जीव जरा खाली पडला.

"मग त्यांना पेशंट म्हणून दुसरी कुणी तरी द्या, सिस्टर. मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"दिली होती दुसरी. नको म्हणाली. तूच हवीस म्हणते."

"मी? ...मी कशाला?"

सिस्टर उठून बसल्या. पदर सारखा केला.

"तिला वाटतंय, चूक तिचीच झाली. मला म्हणाली, पोरीला कुठं तरी दुखत असणार, त्याबिगर का कुणी एवढं ताठ पडतं? मीच घाईघाईत ओढत बसले, इचारलं न्हाई. उद्या आदी इचारीन, मगच हात लावीन."

अश्लेषाच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं, ते तिला पुसवेना. आत्ताच्या आत्ता जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

...

सिस्टरनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि वॉर्डात पेशंटला विचारतात तशा हळू आवाजात विचारलं,

"कुठं दुखत होतं, बाळ?"