भारद्वाजाचा खर्ज

फार मागे, जंगलांना अजून नावं पडायची होती तेव्हाची गोष्ट. एका मोहाच्या झाडाखाली गळलेली फुलं आंबायची आणि दिवस कलला की सारे प्राणी ती चाखायला जमायचे. तिघे हौशी पक्षी त्यांच्यासाठी गायचे. कोतवाल कोकिळेची, बुलबुलाची गाणी हुबेहूब म्हणायचा, सुतार पक्षी खोडावर ठेका धरायचा आणि भारद्वाज खाली झुडपात बसून 'हूप, हूप' असा खर्ज लावायचा.

वाहवा सगळी कोतवालाची व्हायची. एका संध्याकाळी भारद्वाज म्हणाला, "आज शेवटचं. माझा आवाज कुणाच्या कानीच पडत नाही."

सुतार हळहळला आणि त्याने खोडावर ठेका धरला.

गाणं सुरू झालं. मोहाचा गोड वास धुक्यासारखा पसरला. भारद्वाज जड मनाने गात होता, तेवढ्यात म्हातारी अस्वलीण झुडपापाशी आली आणि जमिनीला पोट टेकून पडली. तो गायचा थांबला.

"आजी, कोतवाल तिकडे वर आहे. इथून नीट ऐकू यायचं नाही."

"काय म्हणतोस ते कळत नाही रे, बाळा. माझे कान कधीच गेले," अस्वलीण म्हणाली. "पण तू गातोस तेव्हा जमीन थरथरते आणि गाणं माझ्या पोटात उतरतं. का थांबलास?"

भारद्वाज फांदीवरून उतरला, मातीला छाती टेकून बसला आणि त्याने पुन्हा सूर लावला. अस्वलीण डोळे मिटून हळूहळू डोलू लागली.