बाबालाल मिस्त्रीचा शेवटचा दात

लई वर्षं झाली. किती ते कुणी मोजली नाहीत, कारण तेव्हा आमच्या पानोळीत मोजता येणारी माणसं दोनच होती आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती. पण पानमळे होते. गावाच्या भोवतीनं शेवरीच्या झाडांवर चढलेले पानवेल, आत गेलं की गार अंधार. मळ्यात जाताना चपला बाहेर काढायच्या. आजही काढतो. वेल म्हणजे देव, असं म्हणतात.

त्या वेलांना पाणी पाजायला गावानं एक विलायती इंजान आणलं. बैलगाडीतून आलं. हे मोठं चाक, आणि धूर सोडायला वर तोंड करून उभी असलेली नळी. इंजान आलं त्या वर्षी शिमग्याला गावानं विहिरीतून पाणी ओढायच्या सगळ्या मोटा होळीत टाकल्या. आता काय करायचंय त्यांचं, म्हणाले. हे ध्यानात ठेवा.

इंजानाची देखभाल करायचा बाबालाल शिकलगार. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. तो ठार बहिरा होता. ढग गडगडला तरी मान वर करायचा नाही. पण त्याच्याकडं बाभळीची हातभर काठी होती. काठीचं एक टोक तो दातात धरायचा, दुसरं इंजानाला टेकवायचा, डोळे मिटायचा, आणि त्याला ऐकू यायचं. कानानं नाही, दातानं.

काय काय ऐकलं त्यानं. एकदा म्हणाला, विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी बेडूक बसलाय आणि त्याला उचकी लागलीय. माणूस उतरला तर बेडूक होता. उचकीचं कुणी बघितलं नाही. एकदा पोरांनी मजा करायची म्हणून काठीचं टोक भोपळ्याला लावलं. बाबालाल म्हणाला, "ह्यात एक जण जेवतोय." भोपळा कापला, आत अळी. परगावची मोडकी इंजानं गाडीत घालून लोक त्याच्या दारात आणायचे. गंजलेली, फुटलेली, कुणी भंगारात टाकलेली. तो त्यांना एरंडेल पाजायचा, काठी लावायचा आणि चार दिवसांनी ती चालत घरी जायची, असं म्हणतात. चालत म्हणजे गाडीतूनच, पण म्हणतात तसं.

आणि रोज संध्याकाळी तो तीच काठी दातात धरून दारात बसायचा. त्याची बायको हजराबी दुसरं टोक स्वतःच्या हनुवटीला टेकवायची आणि दिवसभराचं सगळं सांगायची. कोंबडी कुठं घालते, कोण कुणाशी भांडलं, आमटीत काय पडलं. बाबालाल डोळे मिटून हसायचा.

पण दात काय कायमचे असतात का? वय झालं तसे एकेक गेले. होता होता एकच राहिला, खालचा, पुढचा. त्या दातानं तो काही चावायचा नाही. भाकरी दुधात कुस्करून खायचा. एका दातात दोन जीव राहत होते, असं म्हणतात. एक इंजान आणि एक हजराबी.

मग ते वर्ष आलं. पावसानं तोंड फिरवलं. विहिरीत पाणी होतं, पण मळ्याला पुरेल एवढं ते आता फक्त इंजानच वर काढू शकत होतं. खंडेनवमी आली, हत्यारांची पूजा. मळेकऱ्यांचा म्होरक्या होता बसाप्पा बिरनाळे, देवभोळा माणूस. तो म्हणाला, औंदा पाऊस न्हाई, इंजानाची पूजा जोरात झाली पायजे. बाबालाल तेव्हा आठ-दहा दिवसांसाठी परगावी गेला होता. यांनी इंजानाला हार घातला, हळदकुंकू लावलं. आणि ती वर तोंड केलेली नळी बघून बसाप्पाला वाटलं, देवाचं तोंड हेच. त्यात त्यानं नारळाचं पाणी ओतलं. एका नारळाचं नाही, अकरा. मग नवं धोतर पांघरलं आणि आठ दिवस देवाला विश्रांती दिली.

नवव्या दिवशी हँडल मारायला गेले तर चाक हलेना. आत गंज धरला होता.

बाबालाल आला. त्यानं वरचं झाकण खोललं, आत वास घेतला आणि बसाप्पाकडं बघितलं.  ते बघणं शिवीपेक्षा वाईट होतं, असं म्हणतात. मग त्यानं कोमट एरंडेल आत सोडलं आणि सांगितलं, "थांबायचं."

एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. रोज तेल, रोज चाकाला हात, चाक ढिम्म. सगळं गाव घागरी घेऊन वेलांना पाणी घालत होतं, पण घागरीनं मळा कसा भिजणार? पानं पिवळी पडायला लागली. वेल गेला की नव्याला पान यायला दोन वर्षं. तोवर गावानं काय खायचं?

सातव्या दिवशी सकाळी बसाप्पा घण घेऊन आला. काठीचं टोक हनुवटीला लावून म्हणाला, "चाचा, आज पानी न्हाई मिळालं तर वेल मुळातनं जातोय. एक घाव घालू का?"

"घाल की," बाबालाल म्हणाला. "इंजानाची दोन इंजानं हुतील. पानी एकातनंबी येनार न्हाई."

"मग करायचं काय? चूक माजीच हाय, पर वेलांनी काय केलंय?"

बाबालालनं जिभेनं दात हलवून बघितला. डुगडुगत होता. गंज नेमका कुठं धरलाय ते ऐकायचं तर काठी घट्ट चावायला लागणार, आणि दोन गड्यांनी चाकाला झटके द्यायला लागणार. तेवढ्यात दात निघणार, हे त्याला ठाऊक होतं. तो हजराबीकडं बघत बसला.

हजराबी पुढं आली. तिनं पदर सारखा केला, काठीचं टोक हनुवटीला लावलं आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते कुणाला ऐकू गेलं नाही. कुणी म्हणतं तिनं दुवा दिली, कुणी म्हणतं रडली. पण जुनी माणसं सांगतात, ती एवढंच म्हणाली, "भाकर झाकून ठेवलीया."

बाबालालनं काठी इंजानाला लावली आणि चावली. दोघांनी चाकाला नखभर इकडं, नखभर तिकडं असे झटके दिले. बाबालालच्या हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला. मग त्यानं कोळशानं लोखंडावर बाहेरून एक ठिपका काढला. "हितं. तांदळाएवढा गंज हाय." आतून नेमकं तिथं तेल सोडलं, काठी परत चावली, लाकडाचा ठोकळा ठेवून मुठीनं तीन हलके ठोके दिले. चाक हललं. त्याच झटक्याला दात पडला.

झाकण बसवलं, हँडल मारलं. इंजान खोकलं, नळीतून नारळाच्या वासाचा धूर आला आणि ठक ठक ठक सुरू झालं. सगळं गाव बसाप्पासकट रडत होतं. बाबालाल इंजानाकडं पाठ करून बसला होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं. तो पाटाकडं बघत होता. पाटात पाणी आलं तसा तो उठला आणि घरी भाकरी खायला गेला.

त्यानंतरही तो रोज संध्याकाळी काठी हिरड्यांत धरून दारात बसायचा. हजराबी बोलायची, तो मान डोलवायचा. एकदा तिनं मुद्दाम सांगितलं, "आज आमटीत रॉकेल घातलंय." त्यानं हसून मान डोलवली. तिला कळलं. पण ती बोलायची थांबली नाही. तो गेला त्या दिवसापर्यंत.

तो दात बसाप्पानं इंजानाच्या चौथऱ्याखाली पुरला. आता वीज आलीय, इंजान चालत नाही. पण दर खंडेनवमीला त्याला पुसतात, तेल देतात, आणि नारळ फोडायच्या आधी नळीवर वाटी पालथी घालतात.

दुसऱ्या गावांत पोरांचे दुधाचे दात पडले की कौलावर फेकतात. आमच्यात ते बाबालालला देतात. चौथऱ्याशी पुरायचे, म्हणजे त्याला परत ऐकू येईल. मीपण दिलाय. एकदा बकरीचापण दिला होता. त्या रात्री झोप आली नाही, सकाळी जाऊन उकरून काढला.

दात पुरला की काठी इंजानाला टेकवायची, दुसरं टोक हनुवटीला लावायचं आणि घरी काय काय झालं ते सांगायचं. खरं सांगायचं. कुणी हसत नाही. आणि उठायच्या आधी, घरात भाकरी असो नसो, सगळे शेवटी एकच बोलतात.

भाकर झाकून ठेवलीया.