अण्णासाहेबांची पोकरची शिकवणी

मंत्री अण्णासाहेब ढवण यांनी पोकरसाठी विलायती टेबल, सोनेरी काठाचे पत्ते आणि पैशांच्या जागी लावायच्या जडशीळ चकत्या मागवल्या. मग खेळ शिकवायला गोव्याच्या कॅसिनोतून सुलक्षा गावकरला बोलावलं.

ती म्हणाली, "हातात चांगले पत्ते नसले, तरी आहेत असं समोरच्याला भासवायचं."

अण्णासाहेब खदखदून हसले. "बाई, यावरच तर आजवरच्या निवडणुका जिंकलोय. मला येत नाही असं काहीतरी शिकवा, नाहीतर आल्या पावली परत जा."

एवढं बोलून त्यांनी शेजारी बसलेल्या कंत्राटदाराच्या चकत्या उचलून डावावर लावल्या.

सुलक्षाने त्या शांतपणे कंत्राटदारापुढे परत सरकवल्या.

"साहेब, इथं थापा मारताना स्वतःचं पणाला लावावं लागतं."