जास्वंदीच्या पानाखाली

एका गावात एक अण्णा होते आणि अण्णांच्या अंगणात, भिंतीला लागून, एक जास्वंद होती. त्यांच्या दिवंगत पत्नीने लावलेली. बाई होत्या तोवर त्यांचं अण्णांनी फारसं कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या जास्वंदीला मात्र आता ते न चुकता पाणी घालत.

भिंतीपलीकडे एक मावशी राहत. देवावर त्यांची गाढ श्रद्धा होती, आणि देवाची फुलं शेजाऱ्याच्या झाडाचीच असावीत यावरही. पहाटे भिंतीवरून आकडी यायची, फांदी वाकायची, फूल पलीकडे जायचं.

एका वर्षी जास्वंदीवर किडे आले. तांदळाच्या दाण्याएवढे, हिरव्या अंगावर तांबडे-निळे पट्टे, जणू लग्नाला निघालेले. अण्णा खूश. येईल त्याला झाडापाशी नेऊन म्हणायचे, "बघा, देवाने किती फुरसतीने रंगवलंय."

मग पानांवर पांढुरके ठिपके पडले, कडा पिवळ्या होऊन मुडपल्या, कळ्या गळू लागल्या. अण्णांनी गुन्हेगार लगेच ओळखला. सोयीचा होता; भिंतीपलीकडेच राहत होता.

"मावशी, तुमच्या आकडीने झाड मारलं," असं सुनावून त्यांनी भिंतीवर बाभळीच्या काट्या रचल्या. आकडी दिसेनाशी झाली. झाड सुकतच गेलं. शेवटी, त्याचे हाल बघवेनात म्हणून, अण्णा कोयता घेऊन आले.

"थांबा अण्णा," काट्यांपलीकडून आवाज आला. "आधी पान उलटं करून बघा."

"आता तुम्ही मला माझं झाड दाखवणार?"

"तुम्ही मालक, वरून बघता. मी चोर, इतकी वर्षं खालूनच बघत आलेय. आज पहाटेही बघितलं."

"म्हणजे काट्या लावल्या तरी तुम्ही..."

"एकच फूल होतं, ते नेलं. ओरडा नंतर. पान बघा."

अण्णांनी पान उलटलं. खाली फिकट हिरवी पिल्लं शिरांना सोंड लावून रस पीत बसली होती. बोट जवळ जाताच ती खेकड्यासारखी तिरकी पळाली. वरचे रंगीत आईबाप टुणकन उडाले.

"तुडतुडे आहेत ते," मावशी म्हणाल्या. "तुम्ही कौतुक करत बसलात, त्यांनी पंगत मांडली."

कोयता बाजूला राहिला. अण्णांनी मुडपलेली पानं खुडली, पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला, मग निंबोळीचा अर्क. मावशी पलीकडून सूचना देत होत्या आणि अण्णा निमूट ऐकत होते. सवय नसल्याने जड गेलं, पण जमलं.

पुढे नवी पालवी फुटली. पहिलं फूल उमललं त्या पहाटे अण्णांनी काट्या काढल्या आणि भिंतीशी उभे राहिले. आकडी आली. त्यांनी फांदी स्वतःच वाकवून धरली.

"अगंबाई, जागे आहात?" मावशी ओशाळल्या.

"घ्या. हिच्या हातचं एवढंच उरलं होतं. तुम्ही राखलंत."

मावशी फूल घेऊन घरी गेल्या नाहीत. वळसा घालून अण्णांच्या दारात आल्या आणि ते त्यांच्या पत्नीच्या तसबिरीला वाहिलं.

"आणि देवाला?" अण्णांनी विचारलं.

"त्याला उद्याचं नेईन. न विचारता."

तात्पर्य: रंगावर भाळण्याआधी पान उलटून पाहावं, आणि आपलं जपलेलं कुणी वाचवलं तर त्याने आधी काय नेलं ते विसरून आभार मानावेत.