गेनूचं चकचकीत कार्ड

एका गावात एक भोळा भाजीवाला होता, गेनू नावाचा. त्याची बायको ठकूबाई घरी मसाला कुटून विकायची. कुटून कुटून तिचं मनगट सुजलं होतं. तिला मिक्सर हवा होता आणि घरात रोख पैसा नव्हता.

महिनाअखेरीला बँकेच्या साहेबांना एक गिऱ्हाईक कमी पडत होतं. त्यांनी भाजीच्या गाडीपाशीच गेनूला क्रेडिट कार्ड दिलं. गेनूनं घेतलं, कारण सरपंचांकडेही तसलंच होतं. शिवाय ते चकचकत होतं. शहाणी माणसं याहून जास्त विचार करतात, असं मला तरी दिसलेलं नाही.

साहेब म्हणाले, "पिन कुठं लिहून ठेवू नका. तोंडपाठ करा."

गेनू आज्ञाधारक. सकाळी गाडी घेऊन निघाला तो ओरडतच, "मेथी घ्या, शेपू घ्या, चार-सात-एक-नऊ!"

"चार-सात-एक-नऊ कशी जुडी?" एका मावशींनी विचारलं.

"ते विकायचं नाय, मावशी. पाठ करतोय."

दुपारपर्यंत ते सगळ्या गावाला पाठ झालं. साहेबांनी घाम पुसत पिन बदलून दिला. ठकूबाईनं कपाळाला हात लावला.

"अवो, असल्या गोष्टी मनातल्या मनात म्हणायच्या!"

"असं होय? बरं."

मग गेनू मिक्सर आणायला गेला. "काय देऊ?" दुकानदारानं विचारलं. गेनूनं मनातल्या मनात सांगितलं, मिक्सर. दुकानदार वाट बघत राहिला. गेनूनं पुन्हा सांगितलं, मनातल्या मनात, पण जरा जोरात. शेवटी दुकानदारानं त्याला पाणी पाजून घरी पाठवलं.

त्या दिवशी ठकूबाईचं मनगट जास्तच ठणकत होतं. बिचारीची मला खरंच दया येते.

"अवो, कुणी गोडीनं विचारलं तर तोंड उघडून नीट सांगावं!"

"असं होय? बरं."

दुसऱ्या दिवशी गेनूचा फोन वाजला. "काका, बँकेतून बोलतोय. कार्डाचा नंबर, पिन आणि आत्ता मेसेजमध्ये आलेले आकडे सांगता का?"

फारच गोडीनं विचारलं होतं. गेनूनं तोंड उघडून नीट सांगितलं. ऐकू आलं नसेल म्हणून दोनदा सांगितलं.

लगेच बँकेचा मेसेज आला. तो वाचून फोन पुन्हा कानाला लावत गेनू नाचत आत गेला. "अगं, चाळीस हजारांची खरेदी झाली! दुकानात पायसुद्धा टाकला नाय!"

ठकूबाई मुसळ टाकून उठली. "आणि माझा मिक्सर?"

"तेच त्याला विचारलंय," गेनू म्हणाला. "मघापासून मनातल्या मनात सांगतोय."