धोंडीची झोळी

"आणि रात्री?" भुजंगनाथांनी विचारलं.

"रात्री झोपते, बाबा. आईच्या पोटाशी, अंधारात, पहाटेपर्यंत हालत नाही," म्हाळू म्हणाला. "दिवसाच असं होतं. डोळा लागतो न लागतो तोच दचकून उठते. रडून रडून काळीनिळी होते. दूधसुद्धा ओढत नाही. बघा, दंडाचं कातडं लोंबतंय."

बाबा टेकडीवरच्या मठात एकटेच राहत. म्हाळू त्यांचा शिष्य. तरुणपणी मठात राहिला, मग लग्न केलं आणि बापाच्या मेंढ्या राखू लागला. त्याच्या कळपातलं कोकरू लांडग्याने कधी नेलं नाही. हे तो स्वतःच सांगायचा.

मागे त्याची बायको तुळसा उभी होती. कडेवर पोर होतं.

"मंत्र द्या, अंगारा द्या, काही द्या," म्हाळू म्हणाला. "दुपारी गाढ झोपली पाहिजे. नाहीतर ही जगत नाही."

"नाव काय ठेवलं?"

"धोंडी."

"का?"

म्हाळू जमिनीकडे बघू लागला. तुळसा बोलली.

"पहिला मुलगा गेला, बाबा. दुपारी झोळीत निजवला होता. उठलाच नाही. हे रानात होते. म्हणून हिचं नाव धोंडी. दगडासारखी टिकावी."

"आता हा रानात जात नाही?"

"मेंढ्या दिरांकडे दिल्यात. हे झोळीपाशी बसतात."

"पापणी लवू देत नाही मी," म्हाळू म्हणाला. "घडीघडीला कापड सारून बघतो. नाकाशी बोट धरतो, छातीला हात लावतो. अशी राखण कोणाच्या बापाने केली नसेल."

"धोंड्याची?"

"काय?"

"धोंडा टिकलाय का, ते हात लावून बघतोस."

तुळसाला हसू फुटलं. नवऱ्याने वळून बघितलं तसा तिने पदर तोंडाला लावला.

बाबा उठले. खुंटीवरची भिक्षेची झोळी काढली, पीठ परातीत ओतलं, झोळी झटकली. मठाचा एक जुना नेम होता. भिक्षेला निघालं की वाटेत झोळी उघडून बघायची नाही. ती मठात येऊन गुरूपुढेच उघडायची. म्हाळूने तो नेम कधी मोडला नव्हता.

बाबांनी ती झोळी मठापुढच्या करंजाच्या खालच्या फांदीला बांधली.

"पाज हिला, आणि यात ठेव."

तुळसाने पाजलं, झोळीत ठेवलं, झोके दिले. धोंडी निजली. बाबा झोळीकडे पाठ करून दगडावर बसले. मांडीवर लोखंडी चिमटा.

थोड्या वेळाने म्हाळूचा हात बाबांच्या खांद्यावरून झोळीकडे गेला.

चिमटा मनगटावर बसला. वळ उठला.

"नुसतं बघतो, बाबा."

"नाही."

सावली सरकली…

"इतका वेळ ती कधी झोपत नाही."

बाबांनी मांडीवरचा चिमटा सरळ केला.

"बाबा, हालचाल नाही."

"नसेल."

"श्वास चालू आहे ना?"

"मला काय ठाऊक? माझी पाठ आहे तिकडे."

तुळसाच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"तुम्ही साधू की कसाई?" त्याचा आवाज चिरकला. "गेली असली तर?"

"मेली असली, तर बघून काय करशील?"

'मेली' हा शब्द म्हाळूच्या घरात कोणी उच्चारत नसे. भावकीतलेसुद्धा 'गेला' म्हणत. म्हाळू उभ्या जागी थिजला. गुरूवर उगारलेला हात तसाच वर राहिला. आपण तो कधी उगारला, हेही त्याला कळलं नव्हतं.

"त्या दिवशी मी घरी असतो तर…"

"तर तुझ्या देखत गेला असता."

…

म्हाळू मटकन खाली बसला. तुळसा त्याच्याजवळ आली आणि तिथेच मातीत बसली. झोळीला कोणी हात लावला नाही.

सावली करंजाच्या पलीकडे गेली. एक शेळी येऊन परातीतलं पीठ चाटून गेली. तिलाही कोणी हाकललं नाही.

मग झोळीत शिंक आली.

कापडातून एक पाय बाहेर निघाला. धोंडी भुकेने ओरडली. तुळसाने उचलून पदराखाली घेतलं. पोर चटाचटा दूध ओढू लागलं. तो आवाज म्हाळू ऐकत राहिला.

मग तो उठून झोळीपाशी गेला. "झोळी ओली केली तिने. धुऊन देतो."

"राहू दे."

बाबांनी झोळी सोडली, तशीच ओली खांद्याला अडकवली आणि भिक्षेला निघाले.

"बाबा," म्हाळू मागून म्हणाला, "उद्या घरी मी काय करू?"

बाबा थांबले. वळले नाहीत.

"भिक्षा पडलीय, म्हाळू. वाटेत उघडू नकोस."