कासारणीच्या पावलाला बेतलेली गाडी

डोंगराळ मुलुखातल्या एका गावी एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत होता. जुन्या गाड्यांचे त्याला इतके सूक्ष्म ज्ञान होते की लोक त्याला आदराने वस्ताद म्हणत. त्याच्यापाशी बारा वर्षे शिकून निष्णात झालेला एक शिष्य होता. शिक्षण संपले तरी तो गुरूला सोडून गेला नव्हता.

एके सकाळी एक कासार आपला छोटा ट्रक घेऊन आला. मागोमाग रिक्षातून त्याची पत्नी आली. तीस वर्षे दोघे डोंगरातल्या आठवडे बाजारांत बांगड्यांचा व्यवसाय करीत. तो माल मांडी, ती बायकांच्या हातांत बांगड्या भरी. पूर्वी तिथल्या वाटा चिखलाच्या होत्या, म्हणून वस्तादानेच ट्रकच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल अशी रचना बसवून गाडी उंच केली होती. शिष्याचे पहिले धडे याच कामावर झाले. आता बहुतेक ठिकाणी डांबरी रस्ते आले होते.

"वस्ताद, हिचे गुडघे गेले," कासार म्हणाला. "गाडीत चढवत नाही. आता घरीच बसते म्हणते."

"मग खाली आणखी एक पायरी लावू की!" शिष्य म्हणाला.

"दोन पायऱ्या म्हणजे दोनदा गुडघा वाकवा," कासारीण म्हणाली. "नि स्टूल म्हणशील तर तेही करून झालं. एक जण स्टूल धरतो, दोघे दंड धरतात, सगळा बाजार बघतो. पोतं चढवतात तसं! तीस वर्षं मी लोकांचे हात धरले बाबा, आता लोकांनी मला धरायचं?"

वस्तादाने विटा आणवल्या आणि भिंतीपाशी एकावर एक रचल्या. "वहिनी, कशालाही न धरता चढा." सात विटांवर जमेना. सहांवर पाऊल टेकले, अंग उचलेना. पाचांवर ती चढली. वस्तादाने भिंतीवर खडूने रेघ ओढली. "एवढीच उंची."

शिष्याने गाडीखाली वाकून माप घेतले. "इतकं उतरवलं तर पुढच्या चाकांना जोर देणारा गोळा इंजिनाला थडकेल."

"तो काढ. पुढे साधा ॲक्सल बसव. मागची दोन चाकं ओढतील."

शिष्य रागावला की दुःखी झाला, हे मला नीट ठरवता येत नाही. हातातला पाना त्याने खाली ठेवला. "वस्ताद, चांगली धडधाकट गाडी लंगडी करायची? तालुक्यात अशी दुसरी नाही! आणि वरच्या वाडीची वाट अजून मातीचीच आहे, तिथे हे कसे जाणार?"

कासाराने बॉनेटवर हात ठेवला. एका पावसाळ्यात याच गाडीने त्या वाडीतली अडलेली बाळंतीण दवाखान्यात पोचवली होती. "वरची वाडी सुटेल का, वस्ताद?"

"सुटेल. खोटं कशाला सांगू?"

"मग राहू द्या," कासारीण म्हणाली. "माझ्यापायी गाडी मोडू नका. बसेन मी घरी."

कासाराने बॉनेटवरचा हात काढला. मग म्हणाला, "गेल्या सोमवारी एकटाच गेलो होतो. बायका म्हणाल्या, काकू आल्या की भरू. माल तसाच परत आणला. त्याचं काही नाही, पण येताना गाडीत बोलायला कुणी नव्हतं. रेडिओ लावला, तोही नको झाला. काढा वस्ताद."

चार दिवस काम चालले. गाडीचा भार तोलणारे पाटे बदलले, गोळा निघाला, चाके खाली बसली. शिष्य कामापुरतेच बोले. अखेर त्याने विचारले, "स्वतः घडवलेलं स्वतःच्या हाताने काढताना तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं रे," वस्ताद म्हणाला. "काल घास गेला नाही. बरोबर करतोय याची अजूनही खात्री नाही. पण तेव्हा गाडी चिखलात अडत होती, आज दारापाशी अडते आहे. मी तिला जोर दिला तो या दोघांना पुढे जाता यावं म्हणून. एकाला मागे ठेवून ती कुठेही चढली, तर तो जोर काय कामाचा? आपल्या कामावर आपली माया बसते आणि ते कशासाठी केलं, ते विसरायला होतं. तुला नावं ठेवत नाही. पायरी लावू असं मीच म्हणणार होतो, तू आधी बोललास इतकंच."

सोमवारी पहाटे कासारीण आली. तिने पाऊल उचलले आणि ती आत बसली. सवयीने कासार तिचा दंड धरायला धावला.

"अहो, सरका ना! दार लावू द्या."

तो घाईघाईने पलीकडून चढला आणि त्याने गाडी सुरू केली. तेवढ्यात शिष्य आपली मोटारसायकल ढकलत बाहेर आला.

"काकू, वरच्या वाडीला निरोप देऊन येतो. बायकांना खाली फाट्यावर यायला सांगू ना?"

"सांग," कासारीण म्हणाली, "आणि काकू स्वतः आल्यात म्हणावं."

वस्तादाने गॅरेजचे दार पूर्ण उघडले आणि शिष्य परतेपर्यंत त्याचे काम स्वतः करायला घेतले.